खानापुरात ई-रीडर: पावसाळा ते पावसाळा वापरल्यानंतर

बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यात पावसाळ्यात पुस्तकं टिकवणं अवघड. भिंतींना ओल, कपाटात बुरशी, वर कसर. म्हणून गेल्या वर्षी आगोटीलाच सहा इंची ई-इंक रीडर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं कागदासारख्या पडद्याचं यंत्र, घेतला.

कथा-कादंबऱ्यांसाठी तो मनापासून आवडला. पडद्यातल्या सूक्ष्म कुप्यांत काळे-पांढरे कण असतात, ते विद्युतभारानुसार वर-खाली होतात आणि अक्षर छापल्यासारखं दिसतं. एकदा उमटलेलं अक्षर टिकवायला वीज लागत नाही, पान उलटतानाच लागते. वादळात तारा तुटून लाईट गेली की हे फार उपयोगी पडतं.

बाबांना मोतीबिंदू आहे. बारीक टाइपाची पुस्तकं त्यांनी सोडूनच दिली होती. आता ओळीत तीन-चारच शब्द मावतील एवढं अक्षर मोठं करून ते सोप्यात वाचत बसतात. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

त्रास होतो तो स्कॅन केलेल्या पीडीएफचा, आणि जुनी मराठी पुस्तकं बहुतेक त्याच रूपात मिळतात. ते पानाचं नुसतं चित्र. मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते, मग दर ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवत बसा. तळटीप बघून परत येईपर्यंत आधीचं वाक्य डोक्यातून गेलेलं असतं. शब्द शोधायची सोय बहुधा नसतेच.

अभ्यासाचं वाचन मी पुन्हा कागदावर आणलं. २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. माहितीपर मजकूर, त्यातही वेळेचं बंधन असताना, कागदावर जास्त चांगला समजतो असं त्यात दिसलं. गोष्टींच्या बाबतीत तसा फरक आढळला नाही. माझा अनुभव अगदी हाच.

आणखी एक गोष्ट मनाला फार लागते. आमच्या सीमाभागात मराठी पुस्तक एका घरात थांबत नाही. दिवाळी अंक गल्लीभर फिरतो. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून हेच देण्याघेण्याचं काम करत आलंय. मी विकत घेतलेली ई-प्रत मात्र माझ्या खात्याला बांधलेली, शेजारच्या काकूंना वाचायला देता येत नाही. म्हणून चार घरांत फिरावं असं वाटणारं पुस्तक मी आजही बेळगावहून नाहीतर कोल्हापूरहून कागदीच आणते.

घेणार असाल तर कादंबऱ्यांना सहा इंची पुरे. जुन्या ग्रंथांचे स्कॅन वाचायचे असतील तर दहा इंचीच बघा, आणि दुकानात आपली एखादी मराठी पीडीएफ उघडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.