‘हात लावून बघा, किती गरम आहे’

दहा नंबरच्या पान्याने माझ्या बाइकचा एक बोल्ट अर्धा फेरा आवळायचा होता. त्यासाठी मी नव्या बॅटरीचे आणि नव्या रेक्टिफायरचे (इंजिनने बनवलेली वीज बॅटरीला चालेल अशी करून देणारा भाग) पैसे मोजून आलो. बदल्यात मिळाली एक जुनी बॅटरी आणि कुठल्या तरी दुसऱ्याच मॉडेलचा वापरलेला रेक्टिफायर. आकडा लिहीत नाही. खिशातले सगळे संपले आणि वर मित्राकडून उसने घ्यावे लागले, एवढं पुरे.

एका दिवसाची राइड होती. पहाटे निघायचं, डोंगराच्या पलीकडे जाऊन यायचं, अंधाराआधी घरी. मी माझ्या गाडीवर, मित्र त्याच्या. पहिला तास मस्त गेला. मग रस्त्याचा एक उखडलेला पट्टा लागला आणि माझं मीटर क्षणभर काळं होऊन परत आलं. घड्याळ १:०० वर, ट्रिपचा आकडा शून्य. मी मीटरवर दोन टपल्या मारल्या आणि पुढे निघालो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. पाणी प्यायला थांबलो तेव्हा मित्र म्हणाला, “अरे, रेस दिलीस की तुझा टेललाइट भपकन मोठा होतोय.” मी म्हटलं, “चष्मा पूस.”

इथे जरा थांबतो, कारण पुढचं सगळं टाळता आलं असतं ते इथेच. बहुतेक गाड्यांमध्ये चावी बंद असली तरी घड्याळाला बॅटरीतून किंचित करंट मिळत राहतो. म्हणून ते चालू राहतं. चालत्या गाडीत घड्याळ अचानक पहिल्या आकड्यावर आलं, याचा अर्थ बॅटरीचा बाकीच्या गाडीशी असलेला संबंध क्षणभर तुटला. म्हणजे बघायचं ते टर्मिनल, मेन फ्यूज आणि अर्थिंगची वायर. चार्जिंग बंद पडलं तर असं होत नाही. त्यात बॅटरी हळूहळू उतरत जाते: आधी हॉर्न बसका होतो, हेडलाइट पिवळट पडतो, मग सेल मारला की स्टार्टरचा रिले (स्टार्टरला करंट सोडणारा स्विच) नुसता टिकटिक करतो. आणि टेललाइटचं भपकणंही त्यातलंच. बॅटरी लाइनमध्ये असली की ती व्होल्टेजचे चढउतार गिळून टाकते. ती निसटली की आल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या भागाकडून, येणारा ओबडधोबड करंट थेट दिव्यापर्यंत पोचतो. गाडी ओरडून सांगत होती. मी मित्राला चष्मा पुसायला सांगत होतो.

चढ संपल्यावर फोटो काढायला थांबलो. निघताना चावी फिरवली तर काहीच नाही. मीटर काळं, इंधनपंपाचा आवाज नाही, न्यूट्रलचा दिवासुद्धा नाही. किल स्विच बघितला, साइड स्टँड वर केला, चावी चार वेळा फिरवली. धक्का मारूनही बघितलं, पण इंजेक्शनच्या गाडीत पंपाला आणि ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) करंटच नसेल तर ढकलून फक्त घाम निघतो. मित्राने सीट काढली, आत वाकून मोबाइलने दोन फोटो काढले. गाड्यांतलं कळणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला पाठवायचे होते, पण तिथे रेंज नव्हती. फोटो तसेच राहिले. त्यांच्याकडे परत येऊ.

पाचच मिनिटांत एक बाइकवाला थांबला. फार आपुलकीने बोलला. “काय झालं दादा? करंट गेला का? या गाड्यांचा हाच प्रॉब्लेम. खाली उतारावर गॅरेज आहे, माझ्या ओळखीचं, चला.” आम्ही कोणाकडे मदत मागितली नव्हती, हे मला घरी आल्यावर आठवलं. तेव्हा वाटलं, देव माणूस भेटला.

उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून गॅरेजपर्यंत पोचलो. मेकॅनिकने गाडी आत घेतली, डबल स्टँडवर लावली आणि आम्हाला म्हणाला, “साहेब, उन्हात कशाला? तिकडे बाकावर बसा.” बाक गाडीच्या उजव्या बाजूला होता, बॅटरीची बाजू डावी. तो आमच्याकडे पाठ करून वाकला. मिनिटभरच. मग एक सुटी बॅटरी आणली, जंपर वायर लावल्यासारखं केलं आणि गाडी चालू झाली. आम्ही खूश. मग त्याने गंभीर चेहरा करून हाक मारली.

आता प्रयोग सुरू झाले. ते खरोखर बघण्यासारखे होते. आधी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र. गाडी आयडलवर (रेस न देता नुसती चालू), हायबीम लावलेला, चारही इंडिकेटर चालू. बॅटरीवर मीटरच्या दोन वायरींची टोकं, म्हणजे प्रोब, टेकवले: १२.८ व्होल्ट. “बघा, चौदा पाहिजे. चार्जिंगच नाही.” माझ्या मनात कुठेतरी चौदाचा आकडा होताच, त्यामुळे मला ते लगेच पटलं. चार्जिंग आयडलवर मोजत नाहीत, साधारण ५,००० आरपीएमला मोजतात, हे मला माहीत नव्हतं. तेव्हा १३.५ ते १४.५ च्या आसपास आकडा दिसला की आल्टरनेटर आणि रेक्टिफायर दोघंही ठीक. आयडलवर वर सगळे दिवे लावून १२.८ दिसणं अनेक गाड्यांत काहीच विशेष नाही.

दुसरा प्रयोग त्याचा हुकमी एक्का असावा. “इकडे या, हात लावा. हा रेक्टिफायर. लावा, लावा, घाबरू नका.” मी बोट टेकवलं आणि झटक्यात मागे घेतलं. “हात लावून बघा, किती गरम आहे! आतून जळालाय. असंच चालवलंत तर वायरिंग पेटेल.” भाजलेल्या बोटासमोर युक्तिवाद चालत नाही. ते बोट माझंच होतं, त्यामुळे मला वाटलं की पुरावा मी स्वतः पाहिला.

रेक्टिफायर गरमच असतो. या गाड्यांच्या आल्टरनेटरमध्ये कायमचे चुंबक असतात, त्यामुळे त्याचं उत्पादन कमी करता येत नाही. इंजिन जितकं फिरेल तितका तो करंट बनवत राहतो. गाडीला लागतो त्याहून जास्त झालेला करंट नेहमीच्या शंट पद्धतीचा रेक्टिफायर कॉइलकडेच शॉर्ट करून जिरवतो, आणि त्यात उष्णता निघते. म्हणून तर त्याला अॅल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या (फिन्स) असतात आणि तो वारा लागेल अशा जागी बसवतात. दीड तास चाललेल्या गाडीच्या रेक्टिफायरवर बोट ठेवता येत नसेल तर त्यावरून तो बिघडल्याचं सिद्ध होत नाही. उलट तासभर चालवूनही तो थंडगार लागला, तर कपलर (वायरी जोडणारा प्लग) तरी बघून घ्यावं.

तिसरा प्रयोग बॅटरीचा. गाडी बंद करून त्याने स्क्रूड्रायव्हर दोन्ही टर्मिनलांवर आडवा घासला. ठिणगी उडाली. “बघा, ठिणगी किती मेलेली आहे. बॅटरीपण गेली.” जिवंत ठिणगी कशी असते ते मी आयुष्यात पाहिलेलं नाही, तरी मान डोलावली. ही चाचणी नव्हेच, आणि धोक्याची आहे: चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथे मुद्दाम ठिणगी पाडणं म्हणजे अक्कल गहाण टाकणं. बॅटरी तपासायची साधी रीत अशी की सेल मारताना टर्मिनलवर व्होल्टेज बघायचं. साडेनऊ-दहाच्या वर टिकलं तर ती सहसा ठीक असते. विश्रांतीत, म्हणजे गाडी काही तास बंद असताना, १२.६ किंवा थोडं जास्त असेल तर पूर्ण चार्ज आहे.

मित्राला हे सगळं खटकत होतं. तो म्हणाला, “तुझी बॅटरी आठ महिन्यांपूर्वीच घेतलेली ना?” मेकॅनिकने त्याच्याकडे न बघता मला विचारलं, “गाडी तुमची की यांची?” आणि मी, मूर्खासारखा, मित्राला म्हणालो, “थांब रे जरा, त्यांना बघू दे.” हे वाक्य मला रेक्टिफायरपेक्षा जास्त भाजलं आहे.

त्यानंतर त्यांनी आम्हाला वेगळं केलं. पार्ट आणायला जायचं होतं, पण त्या देव माणसाला म्हणे एकट्याला दुकानदार उधार देत नाही, तेव्हा मित्राने पैसे घेऊन त्याच्यामागे बसून जावं. दुकानात मित्राला बाहेरच थांबवलं. परत आले तेव्हा एक खोका होता, सील आधीच फोडलेलं. मी गॅरेजमध्ये एकटा होतो तेव्हा मेकॅनिक घरच्या गप्पा मारत होता, किती वाजता पोचायचंय, अंधार पडल्यावर या रस्त्याला कसं असतं वगैरे. घाई माझ्यात त्यानेच भरली.

काम झालं. गाडी एका सेलमध्ये चालू. बिल मागितलं तर “बिलबुक संपलंय”. जुने पार्ट मागितले तर “ते कंपनीला परत द्यावे लागतात, त्याचेच पैसे कमी केलेत तुम्हाला”. माझी आठ महिन्यांची बॅटरी आणि धडधाकट रेक्टिफायर त्याच्या फळीवर ठेवून, वर आभार मानून मी निघालो.

दोन आठवड्यांत हेडलाइटचा बल्ब उडाला. मग दुसरा उडाला. नेहमीच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने मीटर लावला, रेस दिली आणि आकडा मला दाखवला: १५.७. “हा ओव्हरचार्ज करतोय. कुठून आणलास?” पंधराच्या वर गेलं की रेक्टिफायर आपलं नियमनाचं काम करत नाही, आणि बॅटरी आतून उकळत राहते. त्याने टेप सोडवली. कपलर जुळत नव्हतं म्हणून कापून वायरी पिळून जोडल्या होत्या. बॅटरीच्या वरच्या बाजूला ठोकलेला उत्पादनाचा कोड वाचला, तर ती माझ्या जुन्या बॅटरीपेक्षा दोन वर्षांनी म्हातारी. टर्मिनल पॉलिश पेपरने घासून चमकवलेले. माझ्या बॅटरीचा नंबर घरी बिलावर होता, म्हणून अदलाबदल पक्की कळली.

त्या रात्री मित्राने मोबाइल काढला. त्याला सगळ्याचे व्हिडिओ काढायची खोड आहे. मल्टिमीटरच्या प्रयोगाचाही काढला होता. मेकॅनिकचं कोपर थ्रॉटलला लागतं, गाडी जराशी गुरगुरते आणि मीटरवर क्षणभर १४.२ दिसतं. लगेच तो प्रोब उचलतो. म्हणजे माझं चार्जिंग तिथे, त्याच्या मीटरवर, त्याच्या डोळ्यांसमोर व्यवस्थित होतं. मग आम्ही डोंगरावर काढलेले ते दोन फोटो मोठे करून पाहिले. निगेटिव्ह टर्मिनलवर वायरची चकती तिरकी, बोल्टच्या डोक्याखाली नखाएवढी फट. आमच्याकडे पाठ करून तो मिनिटभर वाकला होता, तेव्हा त्याने तेवढा बोल्ट आवळला. गाडी तिथेच दुरुस्त झाली होती. जंपर वायर हे नाटक होतं.

मी परत गेलो. व्हिडिओ दाखवला. तो शांतपणे म्हणाला, “बिल दाखवा.” जुने पार्ट का ठेवून घेतात ते मला तेव्हा कळलं. माझा रेक्टिफायर चांगला होता हे दाखवायला तो माझ्या हातात हवा होता.

तुमची गाडी अशी एकदम काळी पडली तर कोणी आपुलकीवाला यायच्या आत सीट काढा. दोन्ही टर्मिनल बोटांनी हलवून बघा. जरासुद्धा हललं तर तेच. मग मेन फ्यूज. तो बहुतेक स्टार्टर रिलेजवळ असतो आणि शेजारीच कंपनीने एक जादा ठेवलेला असतो. तरी गॅरेजला जावंच लागलं तर बाकावर बसू नका, बॅटरीच्या बाजूला उभे राहा. मीटर लावला की “रेस देऊन दाखवा” म्हणा. पार्ट बदलायचाच ठरला तर खोका तुमच्यासमोर उघडू द्या आणि जुना पार्ट मिळणार का हे पैशांच्या आधी विचारा, नंतर नाही. आणि सोबतचा माणूस काही म्हणत असेल तर त्याला गप्प करू नका. त्याची गाडी बंद पडलेली नसते, डोकं शाबूत असतं.

एक राहिलं. तो बोल्ट ढिला कोणी ठेवला? आठ महिन्यांपूर्वी बॅटरी मी घरीच बदलली होती. त्या बोल्टाला षटकोनी डोकं असतं आणि त्यावर प्लसची खाचही असते. मला पाना शोधायचा कंटाळा आला, म्हणून स्क्रूड्रायव्हरनेच आवळला, स्प्रिंग वॉशर न घालता. वॉशर अजून घराच्या खिडकीत आहे. मित्र हा किस्सा सांगताना सुरुवात नेमकी तिथूनच करतो.