चाकणची इंटर्नशिप: कॉन्फरन्स रूमला दोन तारे, प्रेस शॉपला पाच

मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपल्यावर चाकण एमआयडीसीतल्या एका कंपनीत इंटर्नशिप केली. गाड्यांना लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट बनवते, मोठ्या वाहन कंपन्यांना माल देते. नाव लिहीत नाही, आमच्या कॉलेजच्या ज्युनिअर्सना अजून तिथे जायचंय.

आधी रड. सुरुवातीचे दिवस एचआरने खाल्ले. व्हिजन, मिशन, फाइव्ह एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची जपानी पद्धत), सगळं प्रोजेक्टरवर. मग ‘रिजेक्शन (नापास होणारा माल) कमी करणे’ असा प्रोजेक्ट दिला. डेटा मागितला तर मागच्या बॅचचा रिपोर्ट पुढे सरकवला: ‘यातल्या तारखा बदल, बास.’ स्टायपेंड नाही. पीएम इंटर्नशिप योजनेचं नाव घेऊ नका. 2024 मध्ये 5,000 रुपये महिना जाहीर करून ती आली, तीच मुळी पूर्णवेळ कॉलेज करणाऱ्यांना वगळून. जेवण मात्र फुकट आणि बरं. कंपनीची बस चुकली तर तळेगाव चौकात तुम्हाला कोणी वाली नाही.

शेवटी क्वालिटीच्या साहेबांच्या मागे लागून प्रेस शॉपच्या लाइनवर (पत्रा प्रेस मशीनखाली कापून, दाबून आकार देतात तिथे) बदली मागून घेतली. इथून पुढे पैसा वसूल (दिलाच नव्हता, तरी).

लाइन इन्स्पेक्टर दादा लातूरकडचे, आयटीआय झालेले. शिफ्ट सुरू झाली किंवा टूल (प्रेसमधला साचा) बदललं की पहिला पीस आधी त्यांच्या टेबलावर येतो. व्हर्नियर आणि गेजने मोजून, ड्रॉइंगशी ताडून सही, आणि तो पीस प्रेसवर टांगला जातो. तोवर ऑपरेटरने मशीन चालवायचं नाही, वरून प्रॉडक्शनवाले कितीही ओरडोत. गो-नोगो गेज (भोक बरोबर असेल तर ‘गो’ टोक आत जातं, ‘नोगो’ जात नाही) ते पीसच्या भोकात नुसतं ठेवायचे, दाबायचे नाहीत. ‘गो’ अडायला लागलं की म्हणायचे, ‘पंच झिजला, भोक बारीक झालं.’ पंच म्हणजे पत्र्यात भोक पाडणारा टूलचा भाग. मग कडेवरून हलकेच नख फिरवायचे. नख अडकलं म्हणजे बर (कापलेल्या कडेला उरलेली खरखरीत धार) वाढली, टूल दुरुस्त करणाऱ्या टूल रूमला फोन. पंच आणि त्याखालची डाय यांच्यातली फट, म्हणजे क्लिअरन्स, मी सेमिस्टरला सूत्र पाठ करून लिहिली होती. ती बिघडली की अशी नखाला लागते हे कोणी सांगितलं नव्हतं. लाल डब्यातला नापास माल दाखवत ते कारण विचारायचे आणि मी ड्रॉइंग उलगडेपर्यंत स्वतःच सांगून मोकळे. तेवढी घाई त्यांनी केली नसती तर बरं झालं असतं.

तर अर्ज करताना विभाग कोणता ते मेलवर लिहून घ्या, आणि ‘प्रॉडक्शन’ किंवा ‘क्वालिटी’च मागा. मुलींनी सेफ्टी शूज घरूनच न्यावेत. स्टोअरमध्ये सातच्या खालचं माप नसतं.