सी ड्राइव्हला १०० जीबी पुरतात का? दहा महिन्यांनंतर सांगतो

अमळनेरला माझं लग्नाच्या फोटो-व्हिडिओचं काम आहे. मागच्या दिवाळीत लॅपटॉप घेतला, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी (आतली साठवणीची डिस्क). विंडोज ११ टाकताना दुकानातल्या पोराने विचारलं, "भाऊ, सी १०० चा ठेवू ना? सगळ्यांना तेवढाच ठेवतो." सी म्हणजे डिस्कचा विंडोज आणि सॉफ्टवेअर बसतात तो भाग. मी हो म्हटलं. खोक्यावर ५१२ असलं तरी विंडोज ४७६ च दाखवतं. कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते, विंडोज १०२४ च्या, त्यात फसवणूक काही नाही. तर सी १००, उरलेला सगळा डी, म्हणजे आपल्या फाइलींचा भाग.

हिवाळाभर काही कळलं नाही. वैशाखात तारखांवर तारखा लागल्या आणि एका रात्री पारोळ्याच्या लग्नाचा व्हिडिओ एक्सपोर्ट होता होता अडकला. सोबतचा पोऱ्या म्हणे, "भाऊ, तुन्हा सी भरी गया." सी लालभडक, आणि डीवर दीडशे जीबी नुसते पडून.

शूटिंग सगळं डीवर, मग सी खाल्ला कोणी? व्हिडिओ एडिटिंगच्या प्रीमियरची मीडिया कॅश आणि फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क, म्हणजे काम करताना साठणाऱ्या तात्पुरत्या फाइली, दोन्ही आपण बदललं नाही तर सीवरच बसतात. वऱ्हाडी मंडळींनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले फोटोही तिथेच. हायबरनेशनची (लॅपटॉप बंद करताना उघडं काम डिस्कवर जपून ठेवायची सोय) फाइल रॅमच्या ४० टक्के, म्हणजे माझ्याकडे साडेसहा जीबीच्या आसपास. अपडेटनंतर उरलेलं जुनं विंडोज वेगळंच. कॅश आणि स्क्रॅच डीवर नेली, हायबरनेशन बंद केलं (त्याबरोबर लवकर चालू होण्याचं फास्ट स्टार्टअपही जातं, एसएसडीवर मला फरक जाणवला नाही), डिस्क क्लीनअप चालवलं. पस्तीसेक जीबी सुटले. महिन्याभरात पुन्हा तीच बोंब.

मग सी वाढवायलाच घेतला, आणि इथे दोन दिवस गेले. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये सीला त्याच्या उजवीकडे अगदी लागून असलेली मोकळी जागाच जोडता येते. शेजारचं शेत विकत घेता येईल, पण दोन शेतं सोडून पलीकडचं नाही, तसं. डी लहान केला तर मोकळी जागा निघते डीच्या शेवटाला, ती सीच्या काय कामाची! म्हणून डीचा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतला, दोन-चार फाइली उघडून खात्री केली आणि डी उडवला. तरी सी वाढवायचा "एक्स्टेंड व्हॉल्यूम" पर्याय फिकटच, दाबताच येईना. पाहतो तर मध्ये बांधावरच्या बाभळीसारखं रिकव्हरी पार्टिशन (विंडोज बिघडलं तर दुरुस्तीसाठी राखलेला डिस्कचा तुकडा) उभं, एक जीबीही नाही, पण वाट अडवून. ते उडवायचा धीर झाला नाही. पार्टिशनच्या एका सॉफ्टवेअरने शेवटाला सरकवलं, तेव्हा सी वाढला.

आता सी २२०, बाकी डी. तीन-चार महिने झाले, सीवर ऐंशीच्या खाली शिल्लक गेलेली नाही. नुसतं टॅली, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्याला १५० पुष्कळ. एडिटिंगवाल्याने दोनशेच्या खाली जाऊ नये, हे माझं मत.

आणि ज्यांना "डीवर ठेवलंय, सेफ आहे" वाटतं त्यांनी ऐका: विंडोज नव्याने टाकताना डी वाचतो एवढंच. एसएसडीच गेली तर सी-डी दोन्ही एकाच वेळी जातात. माझ्याकडे नवरा-नवरीचं फुटेज पेमेंट होईपर्यंत दोन ठिकाणी असतं, त्यातलं एक कपाटातल्या हार्ड डिस्कवर.

परवा मावसभावाने १ टीबीचा लॅपटॉप आणला. ९३१ दिसले, सी ३०० चा केला. दुकानदार म्हणाला, एवढा कशाला?