हरितगृहात मिरची: गादीवाफा की कोकोपीटची पिशवी?

सांगाडा उभा राहिला, प्लास्टिकचा कागद ताणला, की प्रश्न उरतो मुळांचा: ती मातीच्या उंच गादीवाफ्यात वाढवायची की कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरलेल्या पिशवीत? निर्णय खर्चावर सोडण्याआधी दोन गोष्टी बघा: त्या मातीत आधी काय होतं, आणि रोज पाण्याकडे लक्ष द्यायला कोण आहे.

आधी तिथे टोमॅटो, वांगी किंवा मिरचीच होती आणि उपटलेल्या मुळांवर गाठी दिसल्या, तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे बारीक किडे, मुक्कामाला आहेत. ओली माती २५ ते ५० मायक्रॉन जाडीच्या पारदर्शक प्लास्टिकखाली भर उन्हाळ्यात ४ ते ६ आठवडे तापवली, तर ते कमी होतात, संपत नाहीत. खोलातले पुन्हा वर येतात. अशा ठिकाणी पिशवीच घ्या. तीही विटांवर ठेवा, नाहीतर छिद्रांतून मुळं थेट त्याच मातीत उतरतात.

माती निरोगी असेल तर गादीवाफा सोपा. माथा ९० सेंमी, उंची ३० ते ४०, मध्ये ५० सेंमीची वाट, मातीचा सामू (पीएच) ६ ते ६.८. शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं. कच्चं खत कोवळी मुळं जाळतं. पंप एखादा दिवस बंद पडला तरी माती निभावून नेते, हा खरा फायदा.

पिशवीत ही सवलत नाही. १० ते १२ लिटरच्या पिशवीतलं मोठं रोप कडक उन्हात पाणी चुकलं की दुपारीच मान टाकतं. म्हणून दिवसातून ४ ते ६ वेळा थोडं थोडं पाणी द्यायचं, आणि त्यातलं २० ते ३० टक्के खालून निघालं पाहिजे. निघालं नाही तर क्षार साचून पानांच्या कडा करपतात.

कोकोपीटची ५ किलोची वीट फुगून साधारण ६५ ते ७० लिटर होते, म्हणजे पाच-सहा पिशव्या. न धुतलेली वीट नुसती भिजवून भरणं ही नेहमीची चूक. त्यात सोडियम-पोटॅशियम असतं आणि खतातलं कॅल्शियम भुसाच धरून ठेवतो. मग मिरचीचं टोक काळं पडतं आणि लोक बुरशीनाशक फवारत बसतात! कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात २४ तास भिजवा, मग निघणाऱ्या पाण्याची ईसी, म्हणजे त्यातल्या क्षारांचं माप, १ च्या खाली येईपर्यंत धुवा.

हवेचं गणित दोन्हीकडे सारखंच. तापमान ३५ अंशांवर राहिलं की फुलगळ होते. पांढऱ्या माशीसाठी ४० ते ५० मेशची (इंचाला तेवढी छिद्रं असलेली) जाळी लागते. ती वाराही अडवते, म्हणून खिडक्या मोठ्या ठेवा.

मातीबद्दल शंका असेल तर त्याच जागी काकडीची चार रोपं लावा. माती उबदार असताना सहा आठवड्यांनी मुळं धुऊन पाहिली की गाठी दिसतात.