गोष्ट पाठ झाली तरी पुरून उरणारे: कुंकू, संत तुकाराम आणि अशी ही बनवाबनवी

पुन्हा पाहायचा चित्रपट निवडताना एक कसोटी लावावी. शेवट माहीत असताना त्यात पाहायला काय उरतं? काही चित्रपट रहस्य उलगडलं की संपतात. काहींचं खरं काम मात्र गोष्ट पाठ झाल्यावरच दिसायला लागतं, कारण ‘पुढे काय होणार’ या प्रश्नात गुंतलेलं लक्ष तेव्हा मोकळं होतं. इथले पहिले दोन चित्रपट पुण्यात, प्रभात फिल्म कंपनीच्या स्टुडिओत तयार झाले. तिसऱ्याची कथा पुण्यात घडते. तिन्ही या कसोटीला उतरतात, पण प्रत्येकाची पाहण्याची रीत वेगळी आहे.

सगळ्यात वर ‘कुंकू’. १९३७ सालचा, दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून. तरुण नीराचं लग्न फसवून वयस्कर विधुराशी लावलं जातं आणि ती त्याला नवरा मानायला ठाम नकार देते. पहिल्यांदा पाहताना सगळं लक्ष नीरा झालेल्या शांता आपट्यांवर जातं आणि जायलाच हवं. दुसऱ्यांदा मात्र कान उघडे ठेवून पाहा. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलं, त्या रस्त्यावरचं. प्रसंग गंभीर झाला म्हणून व्हायोलिन येत नाही आणि प्रेक्षकाने कधी रडायचं हे कुणी सांगत नाही. बोलपट येऊन जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती आणि सगळीकडे गाण्यांचा पूर होता, हे लक्षात घेतलं तर या निर्णयाचं धाडस कळतं. एखादा भांडणाचा प्रसंग निवडून दहा मिनिटं डोळे मिटून ऐका. दोन वाक्यांमधली शांतता किती लांब ठेवली आहे हे तेव्हा जाणवतं आणि नीराच्या नकाराला एवढी धार कुठून आली तेही कळतं.

तिसऱ्यांदा फक्त केशवराव दात्यांकडे पाहावं. त्यांचा काकासाहेब, म्हणजे नीराचा वयस्कर नवरा, खलनायक नाही, आणि म्हणूनच चित्रपट टिकला. वय लपवण्याची धडपड, भिंतीवरच्या घड्याळाशी जडलेलं त्याचं नातं, फुटलेल्या आरशाच्या तुकड्यांतून त्याच्याचकडे पाहणारा त्याचा चेहरा, अशा प्रसंगांमधून माणूस हळूहळू स्वतःला ओळखू लागतो. शेवट माहीत असला की त्याची पावलं किती आधीपासून टाकलेली आहेत ते दिसतं. काकासाहेबाची मुलगी चित्रा झालेल्या शकुंतला परांजपे यांच्यावरही नजर ठेवा. गणितज्ञ रँग्लर परांजप्यांची ही मुलगी पुढे संततिनियमनाच्या कामासाठी ओळखली गेली. पडद्यावर त्या ज्या सहजतेने वडिलांसमोर स्पष्ट बोलतात, ती सहजता नुसत्या अभिनयातून येत नाही. शांता आपट्यांनी यात लाँगफेलोची इंग्रजी कविताही गायली आहे. मराठी घरातल्या प्रसंगात ती खटकेल असं वाटतं, पण नीरा शिकलेली आहे हे एका गाण्यात सांगून होतं.

उणिवाही आहेत. मधला भाग लांबतो आणि शेवटी सुटकेची वाट नीराला स्वतःला काढता येत नाही, ती तिला दिली जाते. आजच्या प्रेक्षकाला हे बोचेल आणि बोचावंच. एक खबरदारी घ्या. हाच चित्रपट ‘दुनिया न माने’ नावाने हिंदीतही त्याच वेळी तयार झाला. सुरुवातीची नामावली पाहून आपण मराठी आवृत्तीच लावली आहे ना, याची खात्री करा.

‘संत तुकाराम’ (१९३६) सगळ्यांना माहीत असतो आणि नेमकं त्यामुळेच पुन्हा पाहायचा राहतो. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीसांचं गाणं आणि चेहऱ्यावरचं भाबडं तेज पहिल्याच वेळी मनात बसतं. पुढच्या वेळी जिजाईच्या बाजूने पाहा. गौरीने केलेली ही जिजाई देवाशी भांडते, घरात दाणा नाही म्हणून नवऱ्याला फैलावर घेते आणि आजारी पोराला ओढत देवळात नेऊन थेट विठोबाला जाब विचारते. एका बाजूला चमत्कार आणि दुसऱ्या बाजूला चूल, अशी ही रचना आहे. जिजाई नसती तर चित्रपट नुसता भक्तिपट झाला असता. सालोमालोचा भाग तुलनेने उथळ आहे. अभंगचोर म्हणून तो एकाच सुरात रंगवला आहे. ‘आधी बीज एकले’ मात्र नीट ऐका. अनेकांना तो तुकोबांचाच अभंग वाटतो, पण ते शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलेलं गीत आहे, चाल केशवराव भोळ्यांची. तुकोबांच्या शब्दकळेत इतकं बेमालूम मिसळणारं दुसरं चित्रपटगीत सापडणं अवघड.

या दोन्ही चित्रपटांची कॉपी पाहताना चित्र कधी धुरकट, कधी फक्त काळं-पांढरं दिसतं आणि मधल्या करड्या छटा गायब असतात. याला कारण आहे. त्या काळची फिल्म नायट्रेटची, पटकन पेट घेणारी. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत प्रभातच्या चित्रपटांच्या नायट्रेट फिल्म जळाल्या. आज दिसतात त्या आगीआधीच उतरवून ठेवलेल्या प्रती. फिल्मवरून फिल्म उतरवताना प्रत्येक पिढीत काळं अधिक काळं आणि पांढरं अधिक पांढरं होत जातं. टीव्हीचा कॉन्ट्रास्ट वाढवून हे सुधारत नाही, उलट सावलीतले उरलेसुरले तपशीलही बुडतात. कॉन्ट्रास्ट थोडा खाली आणा, शार्पनेस जवळपास शून्यावर ठेवा आणि नॉइज रिडक्शन बंद करा. फिल्मचे दाणे म्हणजे कचरा नव्हे. ते पुसले की चेहरे मेणाचे दिसतात.

चौकटीकडेही लक्ष द्या. या चित्रपटांची चौकट, म्हणजे रुंदीचं उंचीशी प्रमाण, साधारण १.३७:१, आजचा टीव्ही १.७८:१. म्हणजे ४३ इंची टीव्हीवर चित्राच्या दोन्ही बाजूंना सुमारे ११ सेंटिमीटरचे काळे पट्टे दिसायलाच हवेत. पट्टे नसतील तर दोनपैकी एक गोष्ट झाली आहे. चित्र आडवं ताणलं असेल, तर माणसं तीस टक्के रुंद दिसतात. वरून-खालून कापलं असेल, तर जवळपास पाव चित्र गेलं. ताणलेलं असेल तर टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये ४:३ निवडून बहुतेक वेळा दुरुस्त होतं. कापलेलं परत येत नाही, अशा वेळी दुसरी कॉपी शोधा.

लांबीवरूनही बरंच कळतं. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी धावतो, पण आपल्याकडच्या जुन्या व्हीसीडी आणि बऱ्याच डीव्हीडी २५ च्या हिशेबाने काढलेल्या. त्यामुळे १३१ मिनिटांचा ‘संत तुकाराम’ अशा कॉपीत साधारण १२६ मिनिटांत संपतो. इतका फरक असेल तर काही कापलेलं नाही, चित्रपट चार टक्के पळवलेला आहे आणि पागनीसांचा आवाज अर्ध्या स्वराहून थोडा कमी वर चढलेला आहे. त्याहून जास्त फरक असेल तर कात्री लागली आहे असं समजावं. टीव्हीतली मोशन वाढवणारी सोय, म्हणजे ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस किंवा जे काही नाव असेल ते, पूर्ण बंद करा. मधल्या चौकटी यंत्राने घडवल्या की अभिनय मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. आवाजासाठी सराउंड बंद ठेवून साधा स्टिरिओ मोड ठेवा. मूळ आवाज मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा आहे, त्याला कृत्रिम फैलाव दिला की शब्द पोकळ ऐकू येतात.

आता ‘अशी ही बनवाबनवी’. १९८८, दिग्दर्शक सचिन, संवाद वसंत सबनीसांचे, कथा १९६६ च्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेली. पुण्यात भाड्याची खोली मिळत नाही एवढ्या साध्या अडचणीवर हा सगळा डोलारा उभा आहे, आणि ती अडचण आजही जुनी झालेली नाही. संवाद महाराष्ट्राला पाठ आहेत. तरीही, किंबहुना म्हणूनच, हा चित्रपट तुकड्यांत न पाहता सलग पाहण्याची गरज आहे. ‘सत्तर रुपये वारले’ हे वाक्य एकटं ऐकलं तरी हसू येतं. पण घरमालकाने औषधासाठी दिलेले ते पैसे, सुधीर जोशींचा सरपोतदार आणि त्याचा कंजूष स्वभाव आधी नीट मांडलेला असतो, म्हणून त्या वाक्याचा बार उडतो. खोटं एकच असतं, ते टिकवायला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं. खोलीसाठी परश्याची (लक्ष्मीकांत बेर्डे) पार्वती होते इथपासून ‘कुणी तरी येणार येणार गं’ या डोहाळजेवणापर्यंत प्रत्येक पायरी आधीच्या पायरीने भाग पाडलेली आहे. फार्स लिहायला बसणाऱ्याने कागद घेऊन ही साखळी उतरवून काढावी.

पुन्हा पाहताना बोलणाऱ्याकडे नको, ऐकणाऱ्याकडे पाहा. अशोक सराफ वाक्य टाकण्याआधी किंचित थांबतात आणि त्या वेळात बाकीच्यांचे चेहरे काम करत असतात. लक्ष्मीकांत बेर्डे साडीत असताना चौकटीच्या कडेला, कुणाचं लक्ष नसताना काय करतात ते शोधण्यासारखं आहे. मोबाइलवरच्या उभ्या क्लिपमध्ये हे दिसूच शकत नाही. आडव्या चित्रातून उभी चौकट कापली की रुंदीचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो आणि प्रतिक्रिया देणारा नटच बाहेर फेकला जातो. शेवटची उकल घाईची आहे आणि उत्तरार्धात योगायोग जरा जास्तच कामाला लावले आहेत. पण तोवर चित्रपटाने आपली किंमत वसूल करून दिलेली असते.

जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ (१९७९) मुंबईच्या सत्ताकारणाचा, म्हणून या तिघांत धरला नाही. पण पुन्हा पाहायचा असेल तर तोही सोडू नका. पहिल्यांदा कोण कोणाच्या गटात हेच लावण्यात वेळ जातो. दुसऱ्यांदा निळू फुल्यांच्या पत्रकार दिगू टिपणीसकडे पाहा, तो किती कमी बोलतो आणि किती पाहतो ते.

घरच्या टीव्हीला पर्याय म्हणून पुणेकरांना लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय फिल्म संग्रहालय आहे. १९६४ साली सुरू झालं, पी. के. नायरांनी चित्रपट गोळा करून ते उभं केलं. तिथे किंवा फिल्म सोसायटीच्या खेळात यातलं काही लागलं तर घरचा बेत रद्द करून जा. मोनो आवाज पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून आला की ‘कुंकू’तली शांतता खरी वाटते. जाण्याआधी आवृत्ती मराठी की हिंदी, सबटायटल आहेत का आणि खेळ फिल्मवरून की डिजिटल कॉपीवरून, हे विचारून घ्या. बसायला मधल्या रांगा बऱ्या. अगदी पुढे बसलात तर जुन्या प्रतीवरचे ओरखडेच आधी दिसतात.

घरी सुरुवात करायची तर आधी ‘बनवाबनवी’ सगळ्यांसोबत, ‘संत तुकाराम’ घरातल्या वडीलधाऱ्यांबरोबर आणि ‘कुंकू’ रात्री, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. ‘कुंकू’ला मध्यंतराखेरीज थांबे घेऊ नका, त्याचा ताण तुटला की पुन्हा बांधला जात नाही.