सत्तर हजारांतला गेमिंग लॅपटॉप: आठ महिन्यांनंतरचा हिशेब

२०२४ च्या दिवाळीच्या आठवड्यात नागपूरच्या सीताबर्डीतील एका दुकानात नऊ लॅपटॉप ओळीने उघडून ठेवले होते. त्यांपैकी सातांवर आरटीएक्सचा, म्हणजे खेळांसाठीच्या एनव्हिडिया कंपनीच्या ग्राफिक्स चिपचा, हिरवा स्टिकर होता आणि किमती पंचावन्न हजारांपासून सव्वा लाखापर्यंत पसरलेल्या होत्या. आमची मर्यादा सत्तर हजारांची होती. दिवसा मुलाला अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी आणि रात्री मला खेळण्यासाठी असा एकच लॅपटॉप घ्यायचा होता. दुकानदाराशी बोलताना मी फक्त पहिले कारण सांगत होतो, दुसरे त्याने पाचव्या मिनिटाला ओळखले. त्या दिवशी घेतलेला लॅपटॉप आठ महिने रोज वापरल्यानंतर हे लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हाती आलेल्या एका नगावरून कोणाला नावे ठेवणे न्यायाचे नाही, शिवाय या किमतीत बहुतेक सगळ्यांची कात्री जवळपास त्याच जागांवर चालते. त्या जागा कोणत्या, एवढे कळले तरी खरेदी करणाऱ्याचे काम होते.

आमच्या लॅपटॉपचा तपशील असा: रायझन ७ ७४३५एचएस प्रोसेसर, सहा जीबी मेमरीचे आरटीएक्स ४०५० ग्राफिक्स, आठ जीबी डीडीआर५ रॅम, ५१२ जीबीची एसएसडी, १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) साडेपंधरा इंची फुल एचडी पडदा आणि ६० वॅट-तासांची बॅटरी. बिल ६८,९९० रुपयांचे झाले.

पहिला धडा दुकानातच मिळाला. एनव्हिडियाने लॅपटॉपसाठीची ४० मालिका जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केली आणि तिच्यातील ४०५० या चिपला ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत किती वीज द्यायची, हे लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीवर सोडले. स्टिकर मात्र दोन्ही टोकांना एकच. त्यामुळे सडपातळ, देखण्या देहात पंचेचाळीस वॅटवर बसवलेली ४०५० आणि जाडजूड डब्यात शंभर वॅट पिणारी ४०५० या दोन वेगळ्याच वस्तू आहेत, असे समजून चालावे. मी विक्रेत्याला वॅट विचारले तेव्हा त्याने तत्परतेने चार्जरवरचा आकडा वाचून दाखवला. ते उत्तर चुकीचे असले तरी अगदी निरुपयोगी नव्हते. ग्राफिक्सला पंचाण्णव, प्रोसेसरला पंचेचाळीस, वर पडदा, पंखे आणि बाकीची किरकोळ यंत्रणा असा हिशेब केला, तर दीडशेच्या बराच पुढचा चार्जर लागतोच. तेव्हा सव्वाशे वॅटच्या चार्जरसोबत कोणी पूर्ण ताकदीची ४०५० विकत असेल, तर ते गणित कुठेतरी चुकलेले आहे. खरा आकडा एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमधील सिस्टिम माहितीच्या पानावर लिहिलेला असतो. दुकानातील सुरू असलेल्या नगावर तो पाहायला अर्धे मिनिट लागते आणि कोणी हरकत घेत नाही. उलट शंभर वॅटच्या पुढे ४०५० ला फारसे काही साधत नाही, म्हणून ९५ आणि ११५ यांतील फरकासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

स्वस्त टोकाला असलेल्या आरटीएक्स २०५० बद्दल एकच वाक्य पुरे: नाव ऐकून ती ४०५० ची धाकटी बहीण वाटते, पण तिच्या वाट्याला चार जीबी मेमरी आणि तीही ६४ बिटांच्या अरुंद वाटेने आलेली आहे. सहा जीबीची ३०५० तिच्यापेक्षा पुष्कळ बरी. मात्र मधल्या फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रे) कृत्रिमरीत्या तयार करण्याची एनव्हिडियाची स्वतःची सोय ४० मालिकेपासून पुढेच मिळते.

प्रोसेसरच्या नावातली गंमत मला घरी आल्यावर कळली, आणि ती आधी कळली असती तर बरे झाले असते. एएमडीने २०२३ पासून लॅपटॉपच्या प्रोसेसरसाठी जी चार आकड्यांची पद्धत घेतली, तिच्यात पहिला आकडा वर्ष सांगतो आणि तिसरा आकडा आतील रचनेची पिढी. म्हणजे ७४३५ मधील सात हा केवळ २०२३ चा शिक्का आहे आणि आतील खरी पिढी तीनची आहे. त्याच वर्षीच्या ७८४० मध्ये ती चारची आहे. इंटेलच्या बाजूलाही हेच घडते: बाराव्या पिढीचा १२४५०एच आणि तेराव्या पिढीचा १३४२०एच या दोघांतही चार मोठे आणि चार छोटे असे आठच कोअर आहेत, फरक मुख्यतः वेगाच्या थोड्या वाढीचा. जुन्या पिढीचा प्रोसेसर या किमतीत वाईट मुळीच नाही. आठ कोअर भरपूर आहेत आणि खेळताना अडते ते बहुधा ग्राफिक्सपाशी, म्हणून आय-५ सोडून आय-७ घेण्यासाठी दहा हजार घालण्यापेक्षा तेच दहा हजार ग्राफिक्सकडे वळवावेत, या मताचा मी आहे.

पण ७४३५एचएस मध्ये एक गोष्ट मुळातच नाही, ती म्हणजे प्रोसेसरच्या पोटातले छोटे ग्राफिक्स. साधारणतः लॅपटॉपवर आपण पीडीएफ वाचत असतो तेव्हा मोठे ग्राफिक्स कार्ड झोपलेले असते आणि पडद्याचे काम ते छोटे ग्राफिक्स थोडक्या विजेत उरकते. येथे ती सोयच नसल्यामुळे एक्सेलमधला रकाना रंगवायलाही आरटीएक्सलाच जागे राहावे लागते. साठ वॅट-तासांची बॅटरी आणि नुसत्या वाचन-लिखाणाला वीस ते पंचवीस वॅटचा खर्च, असा सरळ भागाकार केला की अडीच-तीन तास उरतात, आणि आम्हाला नेमके तेवढेच मिळतात. मुलाच्या महाविद्यालयात सकाळी दोन तासिका आणि एक प्रात्यक्षिक झाले की तो भिंतीतील सॉकेटजवळचा बाक शोधू लागतो. सुमारे सव्वादोन किलोचा लॅपटॉप आणि विटेएवढा चार्जर मिळून पाठीवर तीन किलोंचे ओझे होते, ते वेगळेच. या उणिवेची एक भरपाई मात्र आहे, आणि ती जाहिरातीत कोणी सांगत नाही. छोटे ग्राफिक्स मधे नसल्यामुळे पडदा थेट मोठ्या कार्डाला जोडलेला असतो. इतर लॅपटॉपांत यासाठी मक्स स्विच नावाची वेगळी सोय लागते, जी स्वस्त नगांत अनेकदा गाळलेली असते. ती नसेल तर प्रत्येक फ्रेम छोट्या ग्राफिक्समधून वळसा घेऊन येते आणि वेग थोडा घटतो. म्हणजे टेबलावर प्लग लावून खेळणाऱ्याला हा प्रोसेसर फायद्याचा आणि वर्गात घेऊन बसणाऱ्याला तोट्याचा. आमच्या घरात एकाच लॅपटॉपचे असे दोन मालक आहेत, त्यामुळे या मुद्द्यावर आमचे एकमत झालेले नाही.

खेळण्याचे म्हणाल तर तक्रारीला फार जागा नाही. व्हॅलोरंटसारखा हलका खेळ सेकंदाला १४४ फ्रेमची मर्यादा सहज ओलांडतो. सायबरपंक २०७७ हा २०२० चा असला तरी अजून कार्डाचा घाम काढतो. तो उच्च सेटिंगवर, रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब करून सावल्या-प्रतिबिंबे काढणे) बंद ठेवून, साठ फ्रेमच्या आसपास खेळता येतो आणि डीएलएसएस (लहान चित्र काढून ते मोठे करणारी एनव्हिडियाची सोय) लावले की आणखी मोकळा होतो. अडचण सहा जीबीची आहे. ग्राफिक्सची मेमरी भरली की सरासरी फ्रेमचा आकडा चांगलाच दिसत राहतो, पण वळणावर मधेच एखादा ठेचकाळल्यासारखा झटका बसतो, कारण मावले नाही ते कार्डाला रॅममधून ओढून आणावे लागते. टेक्श्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागांचा तपशील, ‘अल्ट्रा’वरून ‘हाय’वर आणले की हे झटके थांबतात. आज हा उपाय पुरतो, तीन वर्षांनी पुरेलच असे मी छातीठोकपणे सांगणार नाही, आणि ग्राफिक्सची मेमरी नंतर वाढवता येत नाही. वरच्या पायरीवरच्या, आठ जीबीच्या ४०६० चे मोल मला तिच्या वेगापेक्षा या दोन जीबींत अधिक वाटते.

रॅमचे तसे नाही. आमच्या नगात आठ जीबीची एकच पट्टी होती, म्हणजे विंडोज, ब्राउझर आणि खेळ यांना मिळून तुटपुंजी जागा, आणि शिवाय मेमरीचा निम्मा रस्ता बंद. दुसरी आठ जीबीची पट्टी २,३५० रुपयांना आणून लावली आणि गर्दीच्या दृश्यांतील अडखळणे दिसण्याइतके कमी झाले. घेण्यापूर्वी रॅमची दुसरी खाच मोकळी आहे ना, आणि पहिली पट्टी बोर्डावर कायमची जडवलेली नाही ना, एवढे विचारून घ्यावे. सर्व्हिस सेंटरमधील काउंटरवर मला सांगण्यात आले की मागचे झाकण उघडले तर वॉरंटी संपेल. कंपनीला ईमेल केल्यावर नेमके उलटे उत्तर आले: रॅम आणि एसएसडी ग्राहकाने बदललेली चालते, फक्त त्या कामात काही मोडले तर जबाबदारी ग्राहकाची. त्या उत्तराची प्रत मी बिलासोबत लावून ठेवली आहे आणि तुम्हीही तोंडी उत्तरावर विसंबू नये. एसएसडीचेही तेच झाले. एकेक मोठा खेळ शंभर जीबीच्या वर जातो, तेव्हा ५१२ जीबी तीन महिन्यांत भरली आणि एक टेराबाइटची दुसरी ५,६०० रुपयांना घ्यावी लागली.

सर्वांत निर्दय कात्री पडद्यावर चालते, कारण दुकानाच्या झगझगाटात ती दिसत नाही. माहितीपत्रकावर ‘१४४ हर्ट्झ’ ठळक अक्षरांत होते आणि ‘२५० निट्स, ४५ टक्के एनटीएससी’ हे तळाशी बारीक अक्षरांत. निट्स म्हणजे उजेडाचे माप, आणि टक्क्यांचा अर्थ असा की सामान्य चांगला पडदा जेवढे रंग दाखवतो त्यांपैकी हा जेमतेम दोन-तृतीयांश दाखवतो. पहिल्याच आठवड्यात भाचीच्या लग्नाचे फोटो उघडले तर तिचा लालभडक शालू विटकरी दिसू लागला आणि पत्नीने शांतपणे विचारले की हा लॅपटॉप किती हजारांचा आहे म्हणालात. खेळात तेवढे जाणवत नाही, अंधाऱ्या दृश्यांत मात्र भिंत आणि शत्रू एकाच रंगाचे होतात. फोटो, व्हिडिओ किंवा डिझाइनचे थोडेही काम असेल तर १०० टक्के एसआरजीबी (रंगांचे सर्वसाधारण प्रमाण) आणि निदान ३०० निट्स, हे शब्द माहितीपत्रकात शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

राहिली उष्णता, आणि नागपुरात राहून तिच्यावर लिहिणार नाही असे होणार नाही. लॅपटॉपचे पंखे खोलीचीच हवा आत घेतात, म्हणून खोली जेवढे अंश तापते तेवढीच, जवळपास अंशाला अंश, आतली चिपही तापते. जानेवारीतील बावीस अंशांच्या रात्री हेच यंत्र कुरकुर न करता पूर्ण ताकदीने चालले. मे महिन्याच्या अखेरीस नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला, पंख्याखालच्या खोलीत पारा अडतीसवर गेला, प्रोसेसर आपल्या ९५ अंशांच्या मर्यादेला टेकला आणि यंत्राने स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवला. इंटरनेटवर दिसणाऱ्या बहुतेक चाचण्या वातानुकूलित खोलीत झालेल्या असतात, हे विदर्भ-मराठवाड्यातील ग्राहकाने लक्षात ठेवावे. माझे दोन उपाय फुकटचे आहेत. फ्रेमची मर्यादा साठवर बांधली की कार्ड निष्कारण धावत नाही, आणि लॅपटॉपच्या मागच्या दोन पायांखाली कॅरमच्या दोन-दोन सोंगट्या ठेवल्या की खालून हवा शिरते. एवढ्याने चार-पाच अंश उतरतात. घरचा कूलर मात्र लॅपटॉपवर थेट सोडू नये, कारण ती हवा थंड असली तरी ओलसर असते. कूलरचा एक फायदा निर्विवाद आहे: त्याच्या घरघरीत लॅपटॉपच्या पंख्यांचा आवाज अजिबात ऐकू येत नाही.

कीबोर्ड चांगला आहे. कॅमेरा वाईट आहे. बिजागरी अजून घट्ट आहे.

आता पैशांचा हिशेब. लॅपटॉप ६८,९९०, रॅम २,३५०, एसएसडी ५,६०० आणि शालूच्या प्रकरणानंतर घेतलेला बाहेरचा २४ इंची आयपीएस मॉनिटर ८,७००; एकूण ८५,६४० रुपये. त्याच दिवशी त्याच फळीवर ४०६०, सोळा जीबी रॅम आणि चांगल्या पडद्याचा एक लॅपटॉप ८४,९९० ला होता आणि मर्यादेबाहेर म्हणून मी तो हातही न लावता सोडला होता. तरीही ज्याला एकदम सत्तरच जमतात आणि ज्याचे खेळणे एका टेबलाशी बांधलेले आहे, त्याला मी आमचाच नमुना सुचवेन, कारण रॅम, एसएसडी आणि मॉनिटर हे तीनही खर्च सवडीने, एकेका पगारातून करता येतात. रोज पाठीवर वाहून नेणाऱ्या विद्यार्थ्याला सुचवणार नाही. त्याच्यासाठी पोटात छोटे ग्राफिक्स असलेला प्रोसेसर आणि चांगला पडदा आधी, मग ४०५० असो वा ३०५०. जूनमध्ये मुलगा दोन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी लॅपटॉप घेऊन पुण्याला गेला. मॉनिटर येथेच टेबलावर आहे, आणि त्याला जोडायला घरात काही नाही.