निदान झालं, ऑफिसात सांगावं का?

लहानपणापासून 'वेंधळा' किंवा 'माणूसघाणा' म्हणवून घेतलेल्या माणसाला चाळिशीत एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण, अतिचंचलता) किंवा स्वमग्नतेचं (ऑटिझम) निदान झालं, की हायसं वाटतं. मग नोकरीचा प्रश्न उभा राहतो. दोन्हींची नावं हल्ली एका दमात घेतली जातात, आणि काहींना दोन्ही असतातही. पण भारतात नोकरीपुरतं पाहिलं तर एडीएचडीला औषध आहे, दिव्यांगत्वाचा कागद नाही. स्वमग्नतेचं नेमकं उलट.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, एडीएचडी नाही. (डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता जोडीला असेल तर तिचं प्रमाणपत्र मिळू शकतं.) दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त ठरलं तर सरकारी नोकरीत आरक्षण आणि जुन्या करप्रणालीत करपात्र उत्पन्नातून किमान ७५ हजारांची वजावट मिळते. मात्र वर्षानुवर्षं नोकरी टिकवलेल्या माणसाला ४० टक्के मिळतीलच असं नाही. प्रमाणपत्रासाठीची आयएसएए ही मोजपट्टी बोलणं, वागणं, संबंध मोजते. दिवसभर 'नॉर्मल' दिसण्यात किती दम जातो, हे तिच्यात कुठे बसणार? शिवाय कामात सोयी देण्याची कलम २० ची सक्ती सरकारी आस्थापनांवर आहे. खासगी कंपनीला समान संधी धोरण ठेवावं लागतं. ते आधी वाचा, मगच तोंड उघडा.

एडीएचडीवरचं मिथाइलफेनिडेट हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत येतं, म्हणून प्रत्येक केमिस्टकडे मिळत नाही. ते लागू पडलं तर कामात फरक जाणवतो, आणि त्यासाठी ऑफिसला काही कळवायची गरज नसते. स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांवर गोळी नाही, त्यामुळे बदल भोवतालातच करावा लागतो: कोपऱ्यातली जागा, हेडफोन, मीटिंगचा विषय आदल्या दिवशी. म्हणजे कोणाशी तरी बोलणं आलंच.

तरी माझं मत असं की दोन्हींत आधी गरज सांगावी, निदान नंतर. "तोंडी सांगितलेलं दोन ओळींत मेल कराल का?" किंवा "मोठ्या कामाला मधल्या तारखा देऊ या" एवढं मागायला डॉक्टरांचा कागद लागत नाही. निदान सांगितलं तर "अहो, सगळ्यांनाच थोडं थोडं असतं" हे ऐकायची तयारी ठेवा. साहेबांना तोंडी सांगितलेलं त्यांच्या बदलीबरोबर जातं. एचआरला लेखी दिलेलं फाइलीत राहतं, भल्यासाठीही आणि बुऱ्यासाठीही. सरकारी नोकरी असेल आणि स्वमग्नतेचं प्रमाणपत्र हातात असेल, तर मी लेखीच देईन. खासगी नोकरीत एडीएचडी असेल तर बहुधा नाही.

अपवाद एकच: अप्रेझल घसरू लागलं असेल तर निदान सांगायला थांबू नका. कामगिरी सुधारण्याची नोटीस आल्यावर सांगितलेलं निदान वरिष्ठांना सबबच वाटतं.